पंडिता रमाबाई प्रार्थना करावयास कशा शिकल्या

इ. स. १८७८ साली कलकत्ता शहरी एका ख्रिस्ती मेळाव्याचे आमंत्रण वीस वर्षांच्या एका ब्राह्मण कुमारिकेस व तिच्या वडील भावास आले. ख्रिस्ती लोक उपासनेस बसलेले त्या दोघांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. तेथे एका पुस्तकातून काही वाचण्यात आले, मग सर्व मंडळी आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून व डोळे मिटून काही बोलू लागली. ही देवाची प्रार्थना होय असे पाहुण्यांस सांगण्यात आले. परंतु समोर मूर्ती तर कोठेच दिसेना. तेव्हा हे लोक खुर्च्यांसच नमस्कार करीत असावेत, असे त्या भावाबहिणींस वाटले. ती कुमारिका म्हणजेच पुढे देशोदेशी नावाजलेल्या पंडिता रमाबाई. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे मोठ्या मोकळेपणाने लिहून ठेविली आहे.

वाचकहो, ही गोष्ट ऐकून आपणांस हसू येईल. परंतु आपल्या मंडळीच्या दाराशी उभा राहून कोणी परका मनुष्य आपली प्रार्थना पाहील, तर आपण कोणाशी बोलत आहो हे त्यास आपल्या बोलण्यावरून समजेल काय? प्रभू येशूचे शिष्य लहानपणापासून स्तोत्रे म्हणत आले होते, सभास्थानात जात होते, नेमलेल्या वेळी नेमलेल्या प्रार्थना करीत होते. तरी आपला गुरू प्रार्थना करीत असता त्यांनी पाहिले, तेव्हा आपणांस अजून हे येत नाही असे त्यांस कळून आले, आणि आम्हांस शिकवा अशी त्यांनी विनंती केली. रमाबाईंचेही तसेच झाले. त्या प्रथम पुष्कळ शब्द शिकल्या, मग पुष्कळ ज्ञान शिकल्या, आणि सर्वांच्या शेवटी प्रार्थना करावयास शिकल्या. तो क्रम कसा घडला, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीवरील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व भाविक ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असे लोकमत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, आणि त्यामुळे रोष पत्करून रानात येऊन राहिले. पुढे घर मोडून हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. घरकामातून लक्ष्मीबाईंस दिवसा सवड मिळत नसे, म्हणून पहाटे उजाडण्यापूर्वी ती माउली लेकरास मायेने जागे करी आणि पाखरांची किलबिल सुरू होते त्या वेळी श्लोक म्हणवून घेई. अशा रीतीने भागवताचे अठरा सहस्र श्लोक ह्या मुलीच्या मुखी बसले. पहाटेची वेळ व रानातील एकांत ही दोन्ही बाईंच्या आयुष्यात पुन्हा एकदा यावयाची होती. ती खूण वाचकांनी येथे ध्यानात ठेवावी.

दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पुराणे वाचून मिळणारी दक्षिणा बंद झाली. जवळ होते ते द्रव्य व दागिने दानधर्मात व देवकार्यात खर्च झाले. त्या सर्वांनी पवित्र कुंडांत स्नाने केली, उपास केले, जप केले, देवळांना प्रदक्षिणा घातल्या. त्यांच्या भक्तीत कसूर नव्हती, आणि तिची थट्टा करण्याचा आपणांस अधिकार नाही. शेवटी तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडांची पाने व मूठभर रानखजूर ह्यांवर त्यांनी काढिले. वृद्ध अनंतशास्त्र्यांस तोवर दिसेनासे झाले होते. त्यांनी धाकट्या लेकीस जवळ घेऊन, तू देवाचीच सेवा कर, असे सांगून तिला देवाच्या हाती सोपविले आणि थोड्याच दिवसांत प्राण सोडिला. त्यांच्यामागून आई गेली, मग वडील बहीण गेली. राहिलेली दोघे भावंडे अनवाणी, अर्धपोटी हिंडत हिंडत शेकडो कोस चालून कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. अठरा सहस्र श्लोक पाठ होते, सभा दिपून जात होत्या. पण रानात बापाने ज्या देवाच्या हाती सोपविले, त्याच्याशी बोलावे कसे हे तिला ठाऊक नव्हते.

भाऊ श्रीनिवास १८८० साली वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. दुसऱ्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने पती गेले. आसामातील सिलचर येथे त्यांच्या घरी असता बाईंस पुस्तकांत एक लहानशी चोपडी सापडली होती. ते बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान होते. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या प्रार्थनेविषयी सर्वांहून अधिक लिहिले आहे ते लूकानेच. बाप्तिस्मा घेताना तो प्रार्थना करीत होता, गर्दी जमे तेव्हा तो एकांतात जाई, बारा जणांस निवडण्यापूर्वी त्याने सबंध रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालविली, हे सर्व त्यात आहे. बाईंनी ती चोपडी आवडीने वाचिली. पण त्या वेळी ते केवळ वाचन होते.

पुढे त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या. वैद्यक शिकावयाचे मनात होते, परंतु कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो बेत सोडावा लागला. तेथे वाँटेज येथील भगिनींनी त्यांस आश्रय दिला होता. त्या भगिनींचे लंडनातील एक काम बाईंनी पाहिले. ज्या स्त्रियांस जगाने वाईट म्हणून टाकून दिले होते, त्यांची सेवा तेथे प्रेमाने चालली होती. ह्या दयेचे मूळ काय, असे त्यांनी विचारिले, तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या एका पतित स्त्रीस, खरी उपासना ह्या डोंगरावर नाही व त्या नगरातही नाही, बाप आत्म्याने व खरेपणाने भजणारे शोधीत आहे, हे सांगणारा गुरू कोण? ज्यांनी सर्व तीर्थे पायांनी तुडविली होती त्या बाईंच्या अंतःकरणास हे वचन लागले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुढील वर्षे धावपळीची गेली. त्या अमेरिकेस गेल्या, उच्च वर्णातील हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी ग्रंथ लिहिला, मदत मिळविली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. ह्या शाळेत कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही असे ठरले होते, आणि बाईंनी कोणा मुलीस ख्रिस्ती उपासनेस बोलाविलेही नाही. मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करिताना दार लावून घेण्यास त्या कबूल होईनात. मुली आपखुशीने येऊन बसू लागल्या. त्यावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे सल्लागार, ठरल्याप्रमाणे चालत नाही असे वाटून, १८९३ साली दूर झाले; पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. प्रभूने दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे, मग बाईंनी ते उघडे का ठेविले, असे कोणी विचारील. प्रभूची ती आज्ञा देखाव्याच्या प्रार्थनेविरुद्ध आहे. बाईंनी लोकांनी पाहावे म्हणून दार उघडे ठेविले नाही. लेकरांस आईच्या खोलीचे दार बंद दिसू नये म्हणून ठेविले.

परंतु ह्याच काळात एक विलक्षण गोष्ट त्यांच्या मनात चालू होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, पण स्वतः ख्रिस्त आपणांस लाभला नाही, असे त्यांस वाटू लागले. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होत आली होती. त्यांना मते ठाऊक होती, शास्त्राचे वाद ठाऊक होते, नेमाच्या प्रार्थना ठाऊक होत्या. त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. हा मनुष्य कित्येक वर्षे लोकांस उपदेश करीत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर उभा असता स्वतःच्याच उपदेशाने त्याचे परिवर्तन झाले! ते वाचून बाईंनी आपले अंतःकरण तपासिले. इ. स. १८९१ च्या सुमारास, आपण योग्य झाल्यावर देव आपला स्वीकार करील ही आशा त्यांनी सोडून दिली आणि आहे त्या स्थितीत पापी म्हणून त्याच्या पायांशी आल्या. त्या दिवसापासून त्यांच्या प्रार्थनेची भाषा बदलली. पूर्वी त्या विदुषीप्रमाणे देवाविषयी बोलत. आता लेकराप्रमाणे बापाशी बोलू लागल्या. येशूने आपल्या शिष्यांस प्रार्थनेचा पहिला शब्द शिकविला तो हाच की, देवास बाप म्हणा. तो शब्द शिकावयास ह्या पंडितेस तेहेतीस वर्षे लागली.

आता १८९६ साल आले. लोणावळ्यास रानात ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला होता. बाई तेथे गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्या त्यांच्या पंधरा मुली होत्या. एके दिवशी पहाटे उठून बाई एकट्याच झाडीत गेल्या. सूर्य उगवत होता. आपल्या देशातील अंधारात बसलेल्या भगिनींवर धार्मिकतेचा सूर्य कधी उगवेल, असा विचार त्यांच्या मनात येऊन त्या प्रार्थना करू लागल्या. त्या प्रार्थनेत त्यांनी एक धीट मागणे केले. तू मला पंधरा आत्मिक कन्या दिल्या आहेस. पुढील मेळाव्यापर्यंत त्या संख्येचा वर्ग कर, असे ते मागणे होते. पंधरांचा वर्ग म्हणजे दोनशे पंचवीस. मागून झाल्यावर त्यांचे मनच त्यांस म्हणू लागले की, हे कसे घडेल? शाळेत इतक्या मुली राहावयास जागा नव्हती, आणि तेवढ्यांस पुरेल इतका पैसाही नव्हता. तरी बाई व त्यांच्या मुली ते मागणे नित्य करीत राहिल्या.

मार्काच्या शुभवर्तमानात आरंभीच एक प्रसंग आहे. कफर्णहूमात प्रभूने संध्याकाळी उशिरापर्यंत दुखणाइतांस बरे केले. दुसऱ्या दिवशी मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांती गेला व प्रार्थना करू लागला. शिष्य शोधीत आले, आणि सर्व लोक वाट पाहात आहेत असे म्हणू लागले. त्या वेळी प्रभू कफर्णहूमात परत फिरला नाही; आसपासच्या दुसऱ्या गावांस जावयाचे आहे, असे त्याने त्यांस सांगितले. त्याची प्रार्थना त्यास गावोगाव घेऊन गेली. मत्तयही असेच सांगतो. पिकासाठी कामकरी पाठवावे म्हणून धन्याची प्रार्थना करा, असे प्रभूने शिष्यांस सांगितले, आणि लागलीच पुढच्या अध्यायात त्याच शिष्यांस कामकरी म्हणून पाठविले. जो मागतो त्यालाच देव पाठवितो. ही गोष्ट पुष्कळ प्रार्थना करणारे विसरतात.

रमाबाईंस ते विसरता आले नाही. त्याच वर्षी मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील हकीकती वाचून बाईंस तिरुपतीचे रान आठवले. आपण दुर्बळ आहो, आपल्याजवळ द्रव्य नाही, असे म्हणून त्यांनी प्रथम स्वतःस आवरून धरिले. परंतु पहाटेचे ते मागणे त्यांस स्वस्थ बसू देईना. १८९७ च्या आरंभी त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. रस्त्यांवर व दुष्काळी छावण्यांत त्यांनी जे पाहिले ते येथे वर्णन करवत नाही. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड आलेल्या, आईबाप मेलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या. तीनशे मुली घ्यावयाच्या असा त्यांनी निश्चय केला आणि तो तडीस नेला. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींस ठेवू देईनात, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी घेऊन ठेविलेल्या शेतजमिनीवर त्यांस नेले. तेथेच पुढे मुक्तिसदन उभे राहिले. दुसरा मेळावा येण्यापूर्वी मुलींची संख्या मागितल्याहून अधिक झाली होती, आणि त्यांपैकी पुष्कळ जणी प्रभूकडे वळल्या.

बंधुभगिनींनो, हे उत्तर कसे आले ते नीट पाहा. बाईंनी वर्ग मागितला तेव्हा ह्या मुली भुकेने मरणाच्या दाराशी बसलेल्या येतील, असे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. देवाने मागणे मान्य केले, पण त्याबरोबर तीनशे आजारी लेकरांचे धुणे, औषध, अन्न व शिक्षण हेही त्यांच्या पदरात घातले. ज्यास ओझे नको असेल त्याने अशी प्रार्थना करू नये.

केडगावात त्यांनी विहिरी खणविल्या, शेत पिकविले, माग चालविले, छापखाना घातला. जॉर्ज मुल्लर, हडसन टेलर इत्यादी देवभक्तांची चरित्रे त्यांनी वाचिली होती. तसा केवळ देवावर भरवसा ठेवून हिंदुस्थानातही चालता येईल की नाही, ह्याचा त्या अनुभव घेऊ लागल्या. परंतु देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हात जोडून बसणे असे त्यांनी कधी मानिले नाही. त्या पाण्यासाठी प्रार्थनाही करीत आणि विहीरही खणवीत. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या, आणि मुक्तिसदनाच्या आवारात सुमारे दोन सहस्र माणसे राहू लागली.

इतक्या मोठ्या घरात आणखी एका गोष्टीची उणीव बाईंस दिसू लागली. मुली शिकत होत्या, ख्रिस्ती म्हणवीत होत्या; परंतु कित्येकींची स्थिती १८९१ पूर्वीच्या स्वतः बाईंसारखीच होती. म्हणून जानेवारी १९०५ मध्ये, देवाच्या आत्म्याच्या वर्षावासाठी माझ्याबरोबर रोज प्रार्थना करावयास कोण येईल, असे त्यांनी विचारिले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशे झाली. त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तिसदनात मोठी जागृती झाली. मुली आपली पापे कबूल करून रडू लागल्या. कित्येकींनी एकमेकींची क्षमा मागितली. ह्या जागृतीच्या वेळी होणाऱ्या आक्रोशाविषयी बाहेर टीकाही झाली. स्वतः बाईंची रीत शांत होती. जागृती झाली त्या सुमारास त्या नेहमीप्रमाणे योहानाच्या शुभवर्तमानावर सावकाश शिकवीत होत्या. त्यांनी मुलींचे अश्रू अडविले नाहीत, पण त्यांस तेथेच बसूही दिले नाही. मुलींच्या टोळ्या करून त्यांनी त्यांस आळीपाळीने भोवतालच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास पाठविले. कफर्णहूमाबाहेर प्रभूने जे केले तेच त्यांनी केले.

ह्याच खेड्यांतील बायांस शास्त्र समजावे ही बाईंची शेवटली मोठी तळमळ होती. मराठी शास्त्रातील संस्कृत शब्द साध्या बायांस कळत नाहीत असे त्यांस दिसून आले. तेव्हा संस्कृताच्या ह्या पंडितेने आपली विद्वत्ता बाजूस ठेवून, इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला आणि अगदी सोप्या मराठीत सबंध शास्त्राचे भाषांतर करावयास घेतले. त्या कामास कित्येक वर्षे लागली. १९१३ साली नवा करार निघाला. जुन्या कराराचे काम चालू असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. ती एकच लेक, कामातील उजवा हात, आईच्या मागे सर्व काही चालवील अशी जिच्यावर भिस्त, ती आधी गेली.

येथे बाईंची शेवटली परीक्षा झाली. गेथशेमाने बागेत प्रभूने हा प्याला टळावा म्हणून तीन वेळा मागितले, आणि तीनही वेळा बापाच्या इच्छेस मान दिला. त्याचे मागणे खरे होते व मान देणेही खरे होते. दुःख नाही असे सोंग करणे ही प्रार्थना नव्हे, आणि बापाशी भांडून उठून जाणे हीही नव्हे. रमाबाईंनी दुष्काळात आईबापांचे मरण पाहिले, पुढे भाऊ व पती गमाविला, आणि आता लेक. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कान बहुतेक गेले होते, शरीर थकले होते. त्या पुन्हा भाषांतरास बसल्या. केडगावात अशी गोष्ट सांगतात की, शेवटली मुद्रिते तपासावयाची राहिली असता बाईंनी देवापाशी दहा दिवसांचे आयुष्य मागितले, आणि काम पुरे होताच त्यांस बोलावणे आले. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. सबंध शास्त्र १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्याच्या छपाईचे काम एके काळी दुष्काळातून वाचविलेल्या मुलींच्या हातांनी झाले. त्या पहाटेच्या मागण्याचे उत्तर असे सत्तावीस वर्षे येतच राहिले.

प्रिय उपदेशक बंधूंनो, आपण दररोज दुसऱ्यांसाठी प्रार्थना म्हणता. हॅस्लमची गोष्ट विसरू नका. व्यासपीठावर उभे राहणाऱ्याचेच हृदय सर्वांच्या मागून उघडावे, असे घडू शकते. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, आपणांस लिहितावाचता येत नाही म्हणून प्रार्थना येत नाही असे मानू नका. अठरा सहस्र श्लोक पाठ असलेल्या बाईंस जे शिकावे लागले ते आपणही शिकू शकता. बैल जुंपण्यापूर्वी, जाते मांडण्यापूर्वी, बांधावर किंवा परसात थोडा वेळ एकटे उभे राहा. देवास बाप म्हणा. काय पाहिजे ते नाव घेऊन व संख्या सांगून मागा. आपल्या गावातील एका घराचे, एका भांडलेल्या भावाचे, एका उपाशी लेकराचे नाव घ्या. मग त्या घरी जा. प्रार्थनेनंतर आपले पाय कोणीकडे वळतात, त्यावरून आपण येशूपासून प्रार्थना शिकलो की नाही हे समजेल.